अत्तरदाणी मोडीत काढण्यापूर्वी

आपल्या मंडळींकडील मंगलकार्यांच्या निमंत्रणपत्रिकांवर हल्ली आहेर व पुष्पगुच्छ न आणण्याची विनंती असते, आणि ती योग्यच आहे. मध्यंतरी हाती आलेल्या एका पत्रिकेत मात्र त्या विनंतीखाली आणखी एक ओळ होती : सभागृह वातानुकूलित असल्याने उग्र सुवास टाळावेत. पत्रिका कोणाची हे सांगण्याचे प्रयोजन नाही. यजमान सुसंस्कृत आहेत, आमचे स्नेही आहेत. आमचे भांडण त्यांच्याशी नसून त्या ओळीतील ‘उग्र’ या एका विशेषणाशी आहे.

या विशेषणाचा रोख कशावर असतो, हे सुरतेतील मराठी घरांत कोणाला सांगावे लागत नाही. काखेत फवारण्याच्या डब्यांवर तो नाही. त्यांच्या ढगाने तर लग्नाच्या हॉलचे प्रवेशद्वार भरून गेलेले असते आणि त्याला सारे ‘फ्रेश’ म्हणतात. रोख आहे तो हिना, शमामा, ऊद, अंबर, केशर-कस्तुरी या दाट, मसालेदार, जुन्या अत्तरांवर. ती लावणारा माणूस एक तर भपकेबाज, नाहीतर जुनाट, आणि खाजगीत बोलायचे तर ‘त्यांच्यातला’ वाटतो. आमचे म्हणणे असे, की ही अत्तरे उग्र नाहीत. ती कशी, केव्हा आणि किती लावावीत हे आपण विसरलो, आणि त्या विस्मरणाला सुरुची असे नाव दिले.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. हिना म्हणजे मेंदीच्या फुलांचे अत्तर, अशी पुष्कळांची समजूत असते. मेंदीच्या फुलांचे अत्तर निघते खरे, पण त्याला गुलहिना म्हणतात. थंडीत लावायचे म्हणून जे हिना विकले जाते ते प्रामुख्याने मसाल्याचे अत्तर, आणि शमामा हा त्याचाच अधिक गुंतागुंतीचा भाऊबंद. कनौजच्या भट्ट्यांवर तांब्याच्या डेगेत जटामांसी, कपूरकाचरी, नागरमोथा, दगडफूल, लवंग, जायफळ, जायपत्री, वेलदोडा असे जिन्नस पाण्यासह घालतात. झाकणाची फट मातीने लिंपतात. बांबूच्या नळीतून वाफ पलीकडच्या भपक्यात उतरते. हा भपका पाण्याच्या हौदात बसवलेला असतो आणि त्याच्या पोटात आधीच चंदनाचे तेल असते. वाफ निवते, पाणी वेगळे होते, सुगंध तेलात मुरतो. दुसऱ्या दिवशी डेगेत नवे जिन्नस पडतात, भपक्यातील तेल मात्र तेच राहते. असे अनेक दिवस चालते. जिन्नसांचे प्रमाण प्रत्येक घराण्याचे वेगळे, आणि ते कोणी कोणाला सांगत नाही.

आता हीच यादी घेऊन आपल्या स्वयंपाकघरात जावे. दगडफूल, लवंग, जायपत्री, वेलदोडा ही गोड्या मसाल्याच्या डब्यातील मंडळी. आमटीत दगडफूल कमी पडले तर सुरतेत चार पिढ्या काढलेल्या सुगरणीला आजही ते पहिल्या घोटात कळते. तेथून न्हाणीघरात जावे. नागरमोथा, कचोरा, वाळा, जटामांसी हे नरकचतुर्दशीच्या उटण्याचे जिन्नस. देवघरात जावे, तर बुक्क्यातही नागरमोथा आणि कचोरा आहेतच. जो वास आमटीत खमंग, अंगावर मंगल आणि कपाळावर पवित्र, तोच तेलात मुरून मनगटावर आला की उग्र कसा होतो? यावर कोणी म्हणेल, की ताटातला वास ताटातच बरा. तसे असेल तर मग गुलाब गुलकंदात असतो, केवडा सरबतात असतो आणि व्हॅनिला तर मुलांच्या आइस्क्रीमात असते; त्यांच्या अत्तरांना कोणी नाक मुरडत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. हे अत्तर घाईने कळत नाही. काचेची कांडी कुपीत बुडवून तिचे टोक मनगटाला लावावे, दुसरा स्पर्श कानामागे करावा, बस्स. पहिली दहा मिनिटे ते कठोर असते, हे आम्ही नाकारत नाही. कापूर, ओले लाकूड, वैद्याच्या दुकानातील खण, पावसात भिजलेल्या कातळावरील शेवाळ असे काहीतरी नाकाशी येते आणि त्यात गोडव्याचा लवलेश नसतो. दुकानात हुंगून तोंड वाकडे करणारे सगळे या दहा मिनिटांतच निकाल देऊन मोकळे होतात. ज्याने धीर धरला त्याला अर्ध्या तासाने त्वचेच्या उबेबरोबर लवंग आणि जायफळ वर येताना जाणवतात, मग किंचित कडसर केशर. आता त्याचा कठोरपणा गेलेला असतो आणि एक कोरडी, खोल ऊब उरते. थंडीच्या संध्याकाळी शाल खांद्यावर घेतल्यावर वाटते तशी. दोन तासांनी स्वतःला वास येईनासा होतो, कारण नाक त्याला सरावते. येथेच अननुभवी माणूस फसतो. अत्तर उडाले असे समजून तो पुन्हा लावतो, आणि मग शेजारी बसणाऱ्याची तक्रार खरी ठरते. वास्तविक ते उडालेले नसते. त्यात मद्यार्क नाही, चंदनाच्या तेलाचे जड घटक सावकाश सुटतात. म्हणून ते दालनभर पसरत नाही, हातभर अंतरात राहते. रात्री ते पुष्कळ मऊ होते, मधासारखे आणि थोडे प्राणिज. दुसऱ्या दिवशी सकाळी शालीच्या घडीत जे सापडते ते चंदन, आणि त्याच्या मागे धुराची पुसट आठवण.

हे लावून माणूस वागतोही निराळा. त्याची चाल थोडी मंदावते, बसणे सावरते, हातवारे कमी होतात. अंगावर काहीतरी मोलाचे आहे ही जाणीव त्याला शिस्त लावते. पैठणी नेसलेल्या बाईच्या हालचाली कशा बदलतात, हे सर्वांनी पाहिले आहे. त्याला कोणी भपका म्हणत नाही.

ऋतूचा नियम तर आपल्या वाडवडिलांना पाठ होता. वैशाखात खस, मोगरा, गुलाब. थंडीत हिना, शमामा, केशर, ऊद. उष्ण आणि शीत अत्तरांचा हा विवेक सुरतेत इतर ठिकाणांपेक्षा अधिक हवा, कारण तापीकाठच्या दमट उन्हाळ्यात शमामा लावणे म्हणजे उन्हात घोंगडी पांघरणे. मे महिन्यातील दुपारी, घामेजलेल्या गर्दीत कोणी हिना माखून आला असेल आणि त्यावरून एखाद्याने जन्मभराचे मत बनवले असेल, तर त्या मताशी आमची सहानुभूती आहे. पण दोष अत्तराचा नव्हे, पंचांगाचा. येथे पोंक बाजारात येतो, चुलीवर भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा वास रस्त्यावर दरवळतो, तेव्हा हिनाचे दिवस सुरू झाले असे खुशाल समजावे.

आता त्या खाजगीतल्या शब्दाकडे वळू. हे वास ‘त्यांचे’ आहेत, आपले नव्हेत, असे हल्ली पुष्कळजण बोलतात आणि बोलताना आवाज खाली आणतात. आवाज खाली आणावा लागतो, यातच बरेच काही आले. अत्तर हा शब्द अरबीतून आला, हे खरे. ऊद हाही तिकडचाच. पण ऊद आपल्या इतका अंगवळणी पडला, की देवापुढे रोज लावतो ती काडी त्याच्याच नावाने उदबत्ती झाली. आणि संस्कृत नाव हवे असेल तर अगरू आहेच. ऊद म्हणजे तेच लाकूड. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. सोळा गंधद्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणे होतात, हा गणिताच्या इतिहासकारांचा लाडका हिशेब त्याच अध्यायातील आहे. त्या काळी ही विद्या ज्योतिषी पंडिताच्या ग्रंथात मानाने बसत होती.

याहून जवळचा पुरावा आपल्या स्वतःच्या भाषेत आहे आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांची देखरेख करणारे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ च्या सुमारास एका दुर्मिळ पोथीचा परिचय करून दिला. तिच्यात ‘गंधवाद’ नावाचा सुगंधशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ आहे आणि त्यावर मराठी टीका आहे. गोडे यांनी तिचा काळ इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यानचा मानला. सुगंध कसे सिद्ध करावेत हे कोणीतरी मराठीतून, मराठी वाचकासाठी, पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी समजावून सांगत होते. त्याला गिऱ्हाईक असल्याशिवाय असे कोणी लिहीत नाही. त्याच पोथीच्या अनुषंगाने गंगाधराचा ‘गंधसार’ हा ग्रंथही उजेडात आला. त्यात कृती, मिश्रणे आणि द्रव्यांचा कोश असे तिन्ही भाग आहेत. हे दोन्ही ग्रंथ, मराठी टीकेसह, १९८९ मध्ये छापून निघाले. कोठून, तर वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून, गायकवाड ओरिएंटल मालिकेत. म्हणजे सुरतेपासून रेल्वेने सुमारे दोन तासांच्या अंतरावर, मराठी राजघराण्याच्या नावाने चालणाऱ्या मालिकेत, एका गुजराती विद्वानाने मराठी सुगंधविद्या संपादित करून ठेवली आहे. आणि आपण, गुजरातेतील जुनी मराठी घराणी, हिना आपले नव्हे असे म्हणतो.

सुरतेबद्दलही थोडे बोलले पाहिजे. (मराठी माणसाने सुरतेचा इतिहास काढला की श्रोते १६६४ आणि १६७० ची वाट पाहतात, आज त्यांची निराशा होईल.) मोगल काळातील हे बंदर कापडाचे होते तसे मसाल्यांचेही होते. डच कंपनीची लवंग, जायफळ, जायपत्री या बाजारात उतरत आणि येथून देशात जात. डचांची थडगी शहरात अजून उभी आहेत. त्यांच्या मालाचा वास तेवढा आपल्या घरांतून निघून गेला. शेजाऱ्यांच्या घरांतून तो गेलेला नाही. पारशी आजही अग्यारीत सुखड आणि लोभान घेऊन जातात. झांपाबाजारातील बोहरी घरांत समारंभाला ऊद जळतो आणि पाहुण्याच्या हाताला अत्तर लागते. त्यांच्यापैकी कोणीही आधुनिक होण्यासाठी हे सोडले नाही. शिक्षणात किंवा व्यापारात ते आपल्या मागे आहेत, असे तर कोणीच म्हणणार नाही.

आपल्याकडे काय होते, ते तरुण वाचकांसाठी सांगतो, कारण त्यांनी ते पाहिलेले नसण्याचा संभव आहे. कार्य आटोपत आले की तबक फिरे. त्यात पानसुपारी, चांदीची अत्तरदाणी, गुलाबदाणी. घरातील एखादे मोठे माणूस, बहुधा काका किंवा आत्या, प्रत्येक पाहुण्यापुढे थांबे. पाहुणा हात उपडा करून पुढे करी. पंज्याच्या मागे अत्तराची रेघ ओढली जाई आणि वरून गुलाबपाण्याचे दोन शिंतोडे. हळदीकुंकवालाही तेच. यात सुगंधाइतकेच महत्त्व त्या थांबण्याला होते. दोनशे माणसांच्या समारंभात प्रत्येकासमोर यजमान घराचे कोणीतरी क्षणभर उभे राहत होते, नाव घेऊन विचारपूस करीत होते आणि त्याचा हात हाती घेत होते. कारकून आणि मामलेदार यांच्या हातांवर एकाच कुपीतले अत्तर लागे. ज्यांच्यात वर्षानुवर्षे अबोला होता अशांचेही हात त्या तबकापुढे आलेले आम्ही पाहिले आहेत. १९६० मध्ये मुंबई राज्याचे दोन भाग झाल्यावर पुष्कळ नातलग पलीकडे राहिले. येथे राहिलेल्यांना एकमेकांना धरून ठेवायला ज्या थोड्या रीती होत्या, त्यांतील ही एक.

आज तबकाच्या जागी दाराशी परतभेटीच्या पिशव्यांचा ढीग असतो आणि यजमान फोटोच्या रांगेत अडकलेले असतात. अत्तरदाण्या मोडीत गेल्या. चांदीचा भाव चढला की कपाटातील निरुपयोगी भांडी आठवतात, आणि मोराच्या आकाराची ती दाणी त्यांत पहिली असते, कारण तिचा उपयोग काय हे सुनेला माहीत नसते आणि सासूने सांगितलेले नसते. वितळून तिची नाणी होतात. हा तोटा तोळ्यांत मोजता येणार नाही.

याच काळात गंमत अशी झाली, की बाहेर टाकलेली वस्तू आपणच दामदुपटीने विकत घेऊ लागलो. पाश्चात्त्य सुगंधव्यवसायात व्हॅनिला, राळ, मसाले, चंदन यांच्या दाट मिश्रणांना ‘ओरिएंटल’ म्हणण्याचा प्रघात होता. गेरलाँ या फ्रेंच पेढीचा ‘शालीमार’ १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात गाजला. नाव मोगल उद्यानाचे, कुपी फ्रेंच. १९७७ मध्ये ईव्ह सँ लोराँचे ‘ओपियम’ आले. त्यात लवंग, दालचिनी, राळ यांचा असा थाट, की आपल्या आजीने डोळे मिटून गोडा मसाला म्हटले असते. त्याच्या नावावरून अमेरिकेतील चिनी वंशाच्या लोकांनी निदर्शने केली. पुढे ‘ओरिएंटल’ हा शब्दच अवमानकारक ठरवून सुगंधांचे सुप्रसिद्ध वर्गीकरण करणाऱ्या मायकेल एडवर्ड्स यांनी २०२१ मध्ये त्या जागी ‘अंबर’ हा शब्द घातला. आम्ही सरकारी नोकरीत आयुष्य वर्गीकरणातच घालवले. फाइलवरील शीर्षक बदलल्याने आतला कागद बदलत नाही, एवढे आम्हाला कळते. आपल्या मुलीला परदेशातून आलेली तीच ऊब, मद्यार्कात विरघळवून, स्फटिकाच्या बाटलीत ‘एलिगंट’ वाटते. आजोबांच्या कानातील फाया मात्र तिला उग्र वाटतो. फरक नाकात नाही, बाटलीत आहे. आणि ती बाटली आपणच आणून दिलेली आहे. मुलीला दोष देण्यात अर्थ नाही.

विरोधकांच्या दोन मुद्द्यांना मात्र उत्तर दिले पाहिजे, कारण ते खरे आहेत. दम्याचा किंवा अर्धशिशीचा त्रास असलेल्या माणसाला कोणताही सुगंध बाधू शकतो; त्याच्या शेजारी बसायचे असेल तर अत्तर लावू नये, यात वादाला जागाच नाही. पण मग नियम सर्व सुवासांना लागू करावा, बंद सभागृहातील फवारण्या आणि कृत्रिम ‘रूम फ्रेशनर’ यांनाही. एकट्या हिनाला वेगळे काढून शिक्षा देणे हा आरोग्याचा नियम नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. बाजारात हिना म्हणून जे स्वस्तात मिळते ते बऱ्याचदा हिना नसतेच. खरे अत्तर चंदनाच्या तेलावर उभे असते आणि चंदन दुर्मिळ झाले. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तामिळनाडूने २००२ मध्ये जमीनमालकाला आपल्या जमिनीतील चंदनावर हक्क दिला, लागवडी वाढल्या, पण झाडाच्या गाभ्यात तेल भरायला वर्षे लागतात. दरम्यान चंदनतेलाच्या जागी द्रवरूप पॅराफिन आणि स्वस्त द्रावके आली, आणि वर कृत्रिम वासांचे थेंब. असे मिश्रण पहिल्या क्षणापासून गोड आणि ठसठशीत असते, तासाभरात त्याला जुन्या प्लास्टिकचा वास येतो आणि डोके धरते. त्याला उग्र म्हणणारा बरोबर बोलतो. कस्तुरीचेही तसेच : कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, म्हणून आज कोणी ‘अस्सल मृगाची कस्तुरी’ देऊ लागला तर तो एक तर खोटे बोलतो किंवा गुन्हा करतो. वनस्पतींपासून केलेल्या पर्यायांनी काम भागते आणि भागवावे. कनौजच्या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा निदान कुपीवरील नावाला काही अर्थ उरला आहे. घेणाऱ्याने बैठक चंदनाची की पॅराफिनची, एवढे विचारण्याची सवय ठेवावी. आणि दुकानदाराच्या उत्तरापेक्षा दोन तासांनी मनगटावर काय उरते त्यावर विश्वास ठेवावा. खरे महाग आहे. पण ते मिलिलिटरने नव्हे, कांडीच्या टोकाने वापरायचे आहे, आणि तीन मिलिलिटरची कुपी एका घराला हिवाळा पुरून उरते.

जरीच्या पदराला आणि रेशमाला ते लावू नये, डाग पडतो. कपड्याला सुवास हवा तर शाल किंवा सुती अस्तर बरे. कानात फाया ठेवण्याची पद्धत तरुणांना चमत्कारिक वाटेल, तर कुपीची कांडी पुरे.

येत्या हिवाळ्यात मंडळाच्या स्नेहसंमेलनापासून ही रीत पुन्हा सुरू करावी, अशी आमची सूचना आहे आणि ती आम्ही कार्यकारिणीकडे लेखी देत आहोत. तबकात दोन कुप्या असाव्यात, एक हिनाची आणि ज्यांना ते नको त्यांच्यासाठी एक गुलाबाची. हात पुढे करण्यापूर्वी ‘चालेल ना?’ असे विचारावे, आणि नाही म्हणणाऱ्याला पान द्यावे. कुपी कोठून आणली आणि तिची बैठक कशाची, हे फलकावर लिहावे. अत्तरदाणी आमच्याकडे नाही, असे बहुतेक घरे सांगतील. ज्या घरांत ती अजून मोडीत गेलेली नाही, त्यांनी ती घासून त्या एका संध्याकाळपुरती मंडळाला उसनी द्यावी. तबक घेऊन प्रत्येकासमोर थांबायला मात्र चाळिशीच्या आतील कोणी पुढे यावे. आम्ही जुनी माणसे बाजूला उभे राहून, कांडी किती टेकवायची, ते सांगू.